आसरांनी उचलून धरलेलं पाणी

सावकाश या, आणि ती टोपी हातात घ्या, नाहीतर वारा खाली नेईल. बसा इथेच, वरच्या पायरीवर. हात फिरवून बघा तिच्यावरून. परातीसारखी खोलगट झालीय की नाही? घागरी टेकवून टेकवून झिजलीय ती. आता खालच्या पायऱ्या बघा. त्यांच्या कडा अजून धारदार आहेत, आणि पाणी तर पार तळाशी. मग आमच्या आज्या-पणज्या घागरी वरच्याच पायरीवर का टेकवत होत्या? येणारे हे विचारत नाहीत, फोटो काढतात आणि जातात. तुम्ही विचारलंत म्हणून ही चंद्राआत्या सांगतेय, नाहीतर मला घरी भाकऱ्या थापायच्यात.

या तळ्यात सात आसरा राहायच्या, असं सांगतात. आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया. दुसरीकडच्या आसरा फार कडक असतात म्हणे, काही चुकलं की माणूस धरतात. आमच्या अगदी गरीब. कुणाचं पोर पाण्यात पडलं तर खालून ढकलून काठावर आणून ठेवायच्या. बाईनं या पायरीवर उभं राहून ‘आसरामाय, घागरभर दे’ म्हटलं की पाणी वर येऊन तिच्या पायाला लागायचं. भर वैशाखातसुद्धा! त्यामुळे तळ्याला तळ असतो हेच आमचं गाव विसरून गेलं.

मग पाऊस रुसला. एक वर्ष नाही, लागोपाठ. आजूबाजूच्या विहिरी आटल्या, आमचं तळं मात्र वरच्या पायरीला. गावाला काय माज चढला म्हणता! मिशांना पीळ देऊन सांगायचे, आमच्याकडे काय कमी आहे. म्हशी धुवायचे, अंगणात सकाळ-संध्याकाळ सडे घालायचे.

त्याच उन्हाळ्यात सगुणा नावाची एक सून बाळंत झाली. मुलगी झाली. सव्वा महिन्यानं बाळंतीण पाणी पुजायला येते, तशी ती लेकीला पोटाशी धरून आली. हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात ओटीतली सुपारी निसटून पाण्यात पडली. ती धरायला सगुणेनं हात घातला, तो जेमतेम कोपरापर्यंत गेला आणि खाली कुणाचातरी तळहात लागला. गार, आणि थरथरणारा.

तिनं वाकून पाहिलं. वर हातभर पाणी, आणि त्याखाली काही नाही! नुसता कोरडा खड्डा. त्या खड्ड्यात एकीच्या खांद्यावर एक अशा साती जणी उभ्या होत्या, आणि सगळ्यांत वरची तेवढं पाणी दोन्ही हातांवर तोलून धरत होती. खालचीची तर मान पार मोडून आली होती.

“बाई, खालचा झरा बुजलाय गं,” वरची म्हणाली. “तो मोकळा करायला हात रिकामे पाहिजेत. पण तुमचं मागणं चालू असेस्तोवर आम्हाला हात खाली घेता येत नाही. एक दिवस कुणी मागू नका. एकच दिवस.”

“मग तुम्ही नाही म्हणा ना!” सगुणा म्हणाली.

“ते नाही येत गं आम्हाला.”

सगुणा धावत पाटलाकडे गेली. पाटील काही वाईट नव्हता हो. त्यानं ऐकून घेतलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि दवंडी पिटवली. उद्या तळ्यावर कुणीही फिरकायचं नाही, आसरांना विसावा द्यायचा. गावानंही लगेच मान डोलावली. एका दिवसाचं ते काय!

आणि मग माहितीय काय केलं शहाण्यांनी? उद्या न मागता राहायचं, म्हणून आज दुप्पट भरून ठेवलं. घागरी भरल्या, हंडे भरले, रांजण, डोणी, कढया, काठवटीसुद्धा! जो तो आपला पळतोय आणि ‘आसरामाय, दे’ म्हणतोय. सगुणा या पायरीवर हात आडवे करून ओरडत होती, “अरे, आज तरी थांबा रे!” बायका तिला हसून बाजूला सारायच्या. “अगं, त्यांच्याचसाठी तर चाललंय.” शेवटी तिच्या सासूनं तिच्याच कमरेवर कळशी ठेवली. लेक अंगावर पिते, उद्या दूध कुठून येणार? सगुणेनं लेकीकडे पाहिलं, आणि तिनंही मागितलं. राग येतो मला, सांगते ना. पण मी असते तर मीही भरलं असतं.

दुसऱ्या दिवशी गावानं शब्द तंतोतंत पाळला म्हणे. तळ्याकडे कुणी नजरही टाकली नाही. त्याच्या पुढच्या सकाळी बायका आल्या तर कुणी कधी न पाहिलेल्या पायऱ्या खालपर्यंत उघड्या पडलेल्या. मग जी रडारड झाली! साठवलेलं पाणी सगळ्यांनी परत आणून ओतलं. सगुणेनंही आपली कळशी आणली. पण भेगाळलेला तळ तो, त्यानं सगळं पिऊन टाकलं. वर तोलून धरायला त्या हातांत बळच उरलं नव्हतं.

सगुणा तळापर्यंत उतरली. तिथे बुजलेल्या झऱ्याच्या तोंडाशी एवढंसं डबकं राहिलं होतं. तिनं माफी मागायला त्यात हात बुडवला. खालून एका दमलेल्या हातानं तिची बोटं धरली आणि कुणीतरी विचारलं, “अजून लागतंय का गं?”

पुढे पाऊस झाला. बरेच पावसाळे झाले. पण पाणी काही त्या खालच्या पायऱ्यांच्या वर चढलं नाही.

आजही आमच्याकडची बाई तळाशी उतरली की आधी हात जोडून म्हणते, “माय, काही नको.” मग गुपचूप घागर बुडवते. खोटंच ते, मला कळतं. रिकामी घागर कमरेवर घेऊनच उतरलेली असते ना ती! पण दुसरं काय करणार? त्यांना नाही म्हणता येत नाही, निदान आपण तरी म्हणावं. आणि आपण काही नको म्हटलं, तरी पाणी बोटभर वर येतंच.