तहानलेला भाऊराया

केवड्याची बनं माणसांशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट.

गावाबाहेर एका फाटक्या पालात गोजरी नावाची चिमुरडी राहायची. तिचे बाबा गारुडी. ते तापानं फणफणले होते आणि डब्यात चिमूटभर पीठ नव्हतं. तरी आपल्या अर्ध्या भाकरीतला तुकडा गोजरी मुंग्यांना घालायचीच.

त्यांचा एक नाग होता. गव्हाळ, चकचकीत, फण्यावर चांदीसारखा दहाचा आकडा. गोजरी त्याला भाऊराया म्हणायची.

नागपंचमी उजाडली.

"गोजरे, आज टोपली तू ने," बाबा म्हणाले. "पण त्याला पाणी दाखवू नकोस हं. पंधरा दिवस तहानलाय, म्हणून तर दूध पिईल. तो प्यायला की बाया पसापसा जोंधळे घालतात."

"त्याला त्रास नाही होत, बाबा?"

"देव आहे तो, वेडाबाई! देवाला कसली तहान?"

गोजरीला ते पटलं. पटायला नको होतं.

आळीआळीत बायकांनी हळदकुंकू वाहिलं, लाह्या उधळल्या. "पी रे भाऊ, पी," म्हणत दुधाच्या वाट्या पुढे केल्या. भाऊराया घटाघटा प्यायला. झोळी भरली. परतताना केवड्याच्या बनाशी गोजरीनं झाकण उचललं, तर तो ओल्या दोरीसारखा निपचित पडलेला.

"भाऊराया! ऊठ ना रे!"

तिचं आसू केवड्यावर पडलं. सोनेरी कणीस उमललं आणि आतून बोटभर परी उतरली. पिवळा रेशमी झगा, केसांत दवाचे मणी, इवले इवले झगमगते पंख.

"एक इच्छा माग, बाळ. पण ज्याच्यासाठी मागशील, त्याला आधी विचारायचं."

"नागाला विचारू? तो तर देव आहे!"

परी उदास हसली. "कुठे त्याला मधाची पोळी वाहतात, कुठे पावसासाठी त्याला तोंडात धरून नाचतात. तुम्ही त्याला न पचणारं दूध पाजता. पाया सगळे पडतात गं, विचारत कुणी नाही."

गोजरीनं फण्याशी कान नेला. "भाऊराया, तुला काय हवंय?"

"पाणी," तो सळसळला. "आणि वारूळ."

वारूळ मिळालं की तो जाणार. मग उद्या खायचं काय? बाबांना सांगायचं काय? गोजरीनं डोळे पुसले.

"परी, त्याला पाणी दे. आणि घरी जाऊ दे."

झुळझुळ झरा फुटला. भाऊराया पोटभर प्यायला, अंगावर तकाकी आली आणि तो वारुळाकडे निघाला.

"चुकले रे मी!" गोजरी ओरडली. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

"तुझी टोपली आता रिकामी राहायची नाही," परी म्हणाली आणि लख्ख पिवळ्या उजेडात विरून गेली. टोपलीत केवडाच केवडा!

ती पालात शिरली आणि त्या घमघमाटानं बाबांचा ताप उतरला.

"नाग कुठाय गं?"

"त्याला विचारलं, बाबा. त्याला घरी जायचं होतं."

बाबांनी टोपलीतल्या केवड्यावरून हात फिरवला. "मी कधी विचारलंच नाही," ते म्हणाले.

पुढे दोघं केवडा विकून सुखानं राहिले. दर पंचमीला गोजरी वारुळापाशी पाण्याची वाटी ठेवून यायची. सकाळी वाटी रिकामी असायची. भाऊराया प्यायला की चिमण्या, कोण जाणे. "रागावलास का रे?" एवढं विचारायचं मात्र तिला कधी धाडस झालं नाही.