मथूचं धोंडस आणि लावलेलं दार

फार फार मागची गोष्ट आहे, बरं का. तेव्हा नद्यांनासुद्धा घाई नव्हती, आणि दुपारी जेवून आडवं होणाऱ्याला कुणी आळशी म्हणत नसे. त्या काळात एका नदीच्या वळणावर, आमराईच्या गर्द सावलीत, एक लहानसं गाव होतं. त्या गावात मथू नावाची एक बाई राहायची.

मथू दिसायला चारचौघींसारखी. पण तिच्या हातचं आंब्याचं धोंडस! काय सांगावं! पिकल्या आंब्यांचा रस ती गुळात आटवायची, तांदळाचा जाडसर रवा तुपात लालसर भाजायची, नारळाचं घट्ट दूध ओतायची, मूठभर ओले काजूगर टाकायची आणि वेलची कुटून घालायची. मग टोपाला आतून केळीचं पान लावून त्यात ते सगळं ओतायची. टोपाखाली मंद विस्तव आणि वरच्या झाकणावर रसरशीत निखारे. असं खालून वरून भाजत भाजत ते फुगायचं, वरून तांबूस व्हायचं, आणि कडेनं तूप सुटायला लागलं की झालं म्हणायचं. सुरी लावली की वाफ निघायची, आणि ती वाफ अंगावर घेतली तरी माणसाचे डोळे जड व्हायचे.

डोळे जड व्हायचे याला कारण होतं. मथूच्या धोंडसात एक नवल होतं. तुकडा तोंडात असताना ज्याची आठवण काढाल, तो दुपारच्या झोपेत येऊन भेटायचा. तुकडा मोठा असेल तर भेट लांबायची, तुकडा चिमुकला असेल तर नुसती झलक. हे कसं व्हायचं ते मथूलाही ठाऊक नव्हतं. तुम्हीही विचारू नका.

आणि त्या गावाचा एक रिवाज होता. एखाद्या घरी गोडधोड शिजलं, की त्याचा वास ज्याच्या ज्याच्या अंगणात जाईल त्याच्या घरी वाटा पोचलाच पाहिजे. आता मथूच्या धोंडसाचा वास काय एका अंगणात थांबणार आहे? तो कुंपणं ओलांडायचा, पाणवठ्यावर जायचा, गुरांच्या गोठ्यात शिरायचा. मग धाकू गुराखी यायचा. त्याचा पवळ्या नावाचा बैल म्हातारपणानं गेला होता, त्याला भेटायला तो तुकडा खायचा. कुंभारवाड्यातली चंद्रा यायची. तिची आई गेली होती, तिला भेटायला ती खायची. शेजारची गोदाक्का तर सगळ्यात आधी यायची. तिला बाकी कुणी नको असायचं. माहेरच्या विहिरीवर जाऊन दोन घटका पाय सोडून बसायचं, एवढंच तिला हवं असायचं.

मथू हसत हसत वाटायची. शेवटी टोपाच्या बुडाला उरलेली खरवड स्वतः खायची, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. कारण ज्याला भेटायचं, तो तिचा नवरा बाबल, रोज संध्याकाळी ओले पाय घेऊन घरी येतच होता. बाबल नावाडी होता. ह्या तीराची माणसं त्या तीराला आणि त्या तीराची ह्या तीराला न्यायची, हे त्याचं काम.

मग एका हिवाळ्यात तापाची साथ आली आणि बाबल गेला.

पुढचा आंब्याचा हंगाम आला, तेव्हा पहिल्यांदा मथूला खरवड कमी पडली. तेवढ्याशा खरवडीत काय दिसणार? कधी बाबलच्या खांद्यावरचा पंचा दिसायचा, कधी वल्ह्यावरची बोटं. चेहरा फिरवून तो काही बोलणार, तोच जाग यायची. आणि मथूला एक भलतीच भीती लागली होती. ती त्याचं हसणं विसरत चालली होती. तो हसायचा, खूप हसायचा, एवढं आठवत होतं. पण कसा? कानात तो आवाजच उमटत नव्हता. आज हसणं गेलं, उद्या डोळे जातील, परवा सगळाच जाईल, असं तिला वाटायचं आणि हातातलं काम थांबायचं.

हंगाम सरत आला. झाडावरून शेवटचे आंबे उतरले. मथूनं ते अंगणात बसून पिळले आणि पिळता पिळता तिच्या मनानं घेतलं, की हे धोंडस द्यायचं नाही. एक तुकडाही नाही. सगळा टोप आपण एकटीनं खायचा आणि दुपारभर, अगदी दिवस मावळेपर्यंत, बाबलजवळ बसायचं. गावाला काय, त्यांनी इतकी वर्षं खाल्लंच की!

पण वासाचं काय करायचं? वास गेला की गाव दारात उभं. रिवाज मोडला असं कुणी म्हणू नये, म्हणून मथूनं एक युक्ती काढली. वासच बाहेर जाऊ द्यायचा नाही.

तिनं खिडक्या लावल्या. कौलांखालच्या फटींत पेंढा कोंबला. धूर जायच्या झरोक्यात जुनी गोधडी ठासली. दाराला आतून कडी घातली आणि उंबऱ्याशी ओलं गोणपाट सारलं. मग टोप चुलीवर चढवला, झाकणावर निखारे रचले आणि गुडघ्यांना मिठी मारून चुलीसमोर बसली.

थोड्या वेळानं वास सुटला. आंब्याचा, तुपाचा, वेलचीचा. बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून तो घरातल्या घरात फिरत राहिला. मथूला बरं वाटलं. “आज सगळा माझा,” ती स्वतःशीच म्हणाली.

पण झाकणावरच्या निखाऱ्यांवर राख धरायला लागली. तिनं फुंकणी घेऊन फुंकर मारली. निखारे क्षणभर लाल झाले आणि परत विझत गेले. तिनं पुन्हा फुंकलं, मग आणखी जोरात. धूर दाटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, डोकं जड झालं. जरा टेकते आणि मग फुंकते, असं म्हणून तिनं भिंतीला पाठ लावली.

आणि समोर नदी आली.

नदीवर दुधासारखं धुकं होतं. धुक्यात होडी होती आणि होडीत पाठमोरा बाबल बसला होता. वल्हं पाण्यात जात होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता. मथू तीरावरून चालत पाण्यात उतरली. पाणी कोमट होतं, गोड वासाचं होतं.

“अहो, थांबा ना,” ती म्हणाली. “आज मी सगळं धोंडस आणलंय.”

बाबलनं मान वळवली नाही. “मथे, वारा का पडलाय गं?” त्यानं विचारलं. “दार कुणी लावलं?”

“मीच लावलं. तुम्हाला कुणी वाटून नेऊ नये म्हणून.”

“असं होय,” तो म्हणाला, आणि होडी धुक्यात आत आत जायला लागली. मथू पाण्यातून मागं निघाली. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं.

अहो, लक्षात येतंय ना तुमच्या? धोंडस अजून भाजलंही नव्हतं, तिनं घासही खाल्ला नव्हता. हे स्वप्न आंब्यांचं नव्हतं. हे कोंडलेल्या धुराचं स्वप्न होतं, आणि त्यातून माणूस परत येतोच असं नाही.

बाहेर काय चाललं होतं ते मथूला मागाहून कळलं. गोदाक्का आपल्या ओट्यावर बसून कधीची नाक वर करून वारा हुंगत होती. शेवटी तिनं रस्त्यानं जाणाऱ्या धाकूला हाक मारली.

“अरे धाकू, तुला मथीकडचा वास येतोय का रे?”

“नाही बुवा. आज केलं नसेल.”

“केलं नसेल कसं? सकाळी आंबे पिळताना ह्या डोळ्यांनी पाहिलंय मी. पिळलेले आंबे काय परत झाडावर जाऊन बसले?”

“मग नसेल द्यायचं तिला. चालायचंच, आक्का.”

“द्यायचं नसेल तर नसू दे. वास तर यायला हवा!” गोदाक्का उठलीच. “काहीतरी बिनसलंय. चल माझ्याबरोबर.”

त्यांनी दार वाजवलं, हाका मारल्या. आतून हूं नाही की चूं नाही. आवाज ऐकून चंद्रा धावत आली, तिच्यामागून आणखी चारजण आले. धाकूनं खांदा लावून कडी उखडली, तसा धुराचा लोट अंगावर आला. डोळे मिटून, नाकाला पदर लावून चंद्रा आत शिरली, आणि तिनं नि धाकूनं मिळून मथूला ओढत अंगणात आणलं.

मथूनं डोळे उघडले तेव्हा वर आंब्याची पानं हलत होती आणि गोदाक्का तिच्या तोंडावर पाणी मारत होती. पाणी मारता मारता शिव्याही घालत होती.

“मेले, जीव द्यायचा होता का गं तुला?”

मथूला खोटं बोलता आलं असतं. पण एवढी तोंडं तिच्याकडे बघत होती, आणि त्यांतली निम्मी रडवेली होती. तिला फार लाज वाटली.

“मला सगळं एकटीला खायचं होतं,” ती म्हणाली. “तुम्हाला कळू नये म्हणून मी घर बुजवलं. गोदाक्का, मी त्यांचं हसणं विसरलेय गं. कसे हसायचे तेच आठवत नाही. खरवडीत ते पुरे दिसतच नाहीत.”

आपण इतकी वर्षं मधला तुकडा खात आलो आणि हिच्या ताटात काय उरतं ते कधी पाहिलं नाही, हे तेव्हा एकेकाच्या ध्यानात आलं. चंद्रानं तर मान खाली घातली ती वर केलीच नाही.

गोदाक्का घरात जाऊन टोप बघून आली. “खाली जरासं धरलंय, वर सगळं कच्चं आहे,” ती म्हणाली. “होणारच. अगं, जो वारा वास बाहेर नेतो तोच निखाऱ्याला जगवतो. तू दोन्ही बंद केलंस.” मग ती बाकीच्यांकडे वळली. “बघत काय बसलात? आपापल्या चुलीतला विस्तव आणा.”

खापरीत निखारे घालून घराघरांतून माणसं आली. अंगणात तीन दगड मांडले, टोप त्यावर चढला, झाकणावर सगळ्या गावचा विस्तव पडला. नदीवरून वारा आला आणि निखारे फुलले. आता वास मोकळा सुटला. तो कुंपणं ओलांडून गेला, पाणवठ्यावर गेला, आणि उरलेलं गावही अंगणात येऊन बसलं.

तूप सुटलं. मथूनं सुरी लावली आणि सगळ्यांना सारखे तुकडे केले. गोदाक्कानं आधी एक तुकडा उचलून मथूच्याच हातावर ठेवला. मग ती म्हणाली, “ऐका रे. आज खाताना सगळ्यांनी बाबलचीच आठवण काढायची. आपापली माणसं आज राहू देत.”

धाकूचा हात तोंडाशी थांबला. हे हंगामातलं शेवटचं धोंडस होतं. “आणि माझा पवळ्या?” त्यानं हळूच विचारलं.

“पवळ्या पुढच्या आंब्यांपर्यंत थांबेल.”

धाकूनं तुकड्याकडे पाहिलं, मथूकडे पाहिलं. “थांबेल बिचारा,” तो म्हणाला. “बाबलच्या होडीमागून तोही पोहलाय.” आणि त्यानं घास घेतला.

आमराईच्या सावलीत गाव आडवं झालं. वारा पानापानांतून फिरत होता. एकेकाचे डोळे मिटले, आणि सगळ्या गावाच्या झोपेतून एकच होडी जायला लागली.

मथूला बाबल दिसला. या वेळी तो तिच्याकडे तोंड करून उभा होता. तो हसत होता, पण त्याचा आवाज तिच्यापर्यंत पोचत नव्हता. तुकड्यापुरतीच भेट होती, ती संपली. तिला जाग आली आणि तिला हुंदका फुटला.

“रडू नकोस,” शेजारी उठून बसलेली चंद्रा म्हणाली. “मथूवहिनी, मी सासरी भांडून रडत रडत होडीत बसले होते ना, तो दिवस मला दिसला. बाबलभावजींनी होडी पैलतीराला लावलीच नाही. नदीत गोल गोल फिरवत राहिले. मी विचारलं तर म्हणाले, ‘तुझे डोळे कोरडे झाले की लावतो. रडक्या तोंडानं आईसमोर गेलीस तर तिला घास उतरणार नाही.’”

मथूला हे ठाऊक नव्हतं. बाबल कधी बोललाच नव्हता.

“माझ्याशी तर स्वप्नातसुद्धा भांडला मेला!” गोदाक्का डोळे पुसत म्हणाली. “माझी शेळी होडीत घ्यायची नाही म्हणत होता. आणि घेतल्यावर स्वतःच्या पंच्यानं तिचे पाय पुसत बसला.”

एकेकजण सांगत गेला. कुणी म्हणालं, तो धुक्यात वाट विचारायला पाण्याशीच बोलायचा. कुणी म्हणालं, तो घरची वाट धरताना होडी फार जोरात हाकायचा. मथू ऐकत राहिली.

सगळ्यांत शेवटी धाकू उठला. त्यानं डोळे चोळले. “मी होडीतून पाण्यात पडलो होतो बघा, गवताच्या भाऱ्यासकट,” तो म्हणाला. “आणि बाबल मला वर काढायचं सोडून हसतोय. आधी नुसतं नाकातून, फुस्स करून. मग मांडीवर थाप. मग तोंड उघडून असा…” आणि धाकू अगदी तसा हसला, शेवटी उचकी लागल्यासारखा आवाज करून.

मथू ताडकन उठून बसली. “अगं बाई, हेच!” ती ओरडली. “हेच ते! धाकूभाऊ, पुन्हा हसा!”

धाकू पुन्हा हसला. मथू रडत होती आणि हसतही होती, आणि तिला बघून सगळं अंगण हसायला लागलं.

त्या दिवसापासून त्या गावाचा नवा रिवाज झाला. दर हंगामातलं शेवटचं धोंडस मथूच्या अंगणात, उघड्यावर भाजायचं, आणि त्या वर्षी ज्याचं माणूस गेलं असेल त्याच्या माणसाची आठवण काढत सगळ्या गावानं ते खायचं. मथू पुढे खूप वर्षं जगली, आणि बाबलचं हसणं ती पुन्हा कधी विसरली नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: गोड घास काय आणि आठवण काय, एकट्यानं कोंडून ठेवली तर विझते, दहाजणांत वाटली तरच पुरी होते.