एका वायरीच्या तीन वाटा

"तीन शीतकेंद्रांना तीन स्वतंत्र ट्रंक लाइनी पाहिजेत! आणि नवी वायर फूटभरसुद्धा ओढायची नाही!" दूध संघाचे अध्यक्ष आबासाहेब निंबोळे यांनी टेबलावर मूठ आपटली.

शहरातून आलेले इंजिनिअर दातार घाम पुसू लागले. संघाने नवा एटीएम स्विच घेतला होता. नोटा देणारं एटीएम नव्हे! हा फोनवरचं बोलणं आणि संगणकातली माहिती एकसारख्या छोट्या पाकिटांत भरून धाडणारा. त्याचं वायर जोडायचं एकच पोर्ट मोकळं होतं आणि तिथून टेलिफोन खात्याच्या जाळ्यात एकच वायर जात होती.

"साहेब, एका पोर्टवर एकच ट्रंक बसते."

"मग हे धूड घेतलं कशाला? शुक्रवारी वार्षिक सभा आहे. तोवर जमलं नाही तर मशीन भंगारात, फोनची खोली बंद आणि चारही ऑपरेटर घरी! निरोप मी सायकलवरून पाठवीन!"

त्या चौघींपैकी थोरली मंदाकिनी खुस्पे दारातच उभी होती. नऊ वर्षं हंगामी होती बिचारी.

"आबासाहेब, मी बघू?"

"तू? फोन जोडणारी?"

"जोडायचंच तर आहे!"

आबासाहेब गुरगुरले, "बघ. जमलं तर बक्षीस माग. पण एकच हं!"

मंदाने स्विचबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक उघडलं. दातारांनी न वाचलेलं एक प्रकरण त्यात निघालं, आभासी ट्रंकचं. पोर्ट एकच ठेवायचं, त्यावर तीन ट्रंक आखायच्या आणि प्रत्येकीला वाटेचा वेगळा क्रमांक द्यायचा. पाकिटावरचा क्रमांक बघून खात्याचं जाळं ते ज्याच्या त्याच्या केंद्रावर पोचवतं!

"तिन्ही ट्रंकना पूर्ण वेग द्या," दातार म्हणाले.

"वायरीत आहे त्यापेक्षा जास्त कुठून वाटू?" मंदाने सर्वांत मोठ्या वडजाई केंद्राला अर्धा वेग दिला, कासारखडी आणि टाकळघाटला पाव पाव.

दोन ट्रंक लागल्या. टाकळघाटचा दिवा मात्र लालच! मंदाने खात्यात फोन करून वाटेचा क्रमांक विचारला. उत्तर आलं, "एकवीस." तिने पडद्याकडे पाहिलं. तिथे बारा होता.

"दातारसाहेब, हा आकडा कोणी घातला?"

दातारांना एकदम खोकला आला. मंदाने बाराचे एकवीस केले आणि दिवा हिरवा झाला.

शुक्रवारी आबासाहेबांनी तीन फोन उचलायला लावले. तिन्ही केंद्रं एकदम बोलू लागली! ते खूश झाले, वाकून स्विचच्या मागे बघू लागले आणि ओरडले, "वायर तर एकच! मला फसवतेस?"

"तीन ट्रंकांपैकी कुठली तोडू सांगा. बाकीच्या दोन हलल्या तर मी घरी जाते."

"टाकळघाट!"

मंदाने वायरीला हात लावला नाही. दोन बटणं दाबली. टाकळघाटचा व्यवस्थापक नमस्कार करता करता अर्ध्यावरच गप्प झाला. बाकीचे दोघे बोलतच होते.

"तरी वायर एकच!" आबासाहेब हटेनात.

"आबासाहेब, शहरात आपला टँकर एकच जातो. एका कप्प्यात गाईचं, दुसऱ्यात म्हशीचं, तिसऱ्यात साय काढलेलं दूध. टँकर एक म्हणून तिन्ही एकाच भावात द्यायचं का?"

आबासाहेबांनी कपाळावर हात मारला. मग ते खो खो हसत सुटले. "माग बक्षीस! पण एकच!"

"आम्हा चौघींना कायम करा."

"अगं, ही चार झाली!"

"चार कुठं, आबासाहेब? ऑर्डर एकच काढा. नावं चार घाला!"

आबासाहेब इतके हसले, की त्यांची टोपी घसरून स्विचवर पडली. ती तिथेच राहू देत त्यांनी दातारांच्या खिशातलं पेन ओढलं आणि उभ्या उभ्या ऑर्डर लिहिली.