दरबाराच्या दारातली डोणी

एका राज्यात दोन देव सुखानं नांदत होते, पण त्यांचे भक्त एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते. डोंगराकडच्या गल्ल्यांत झरेकरी राहत. त्यांचा देव झऱ्यात, आणि कपाळावर पांढऱ्या मातीचा टिळा. खाली नदीकाठी दिवेकरी राहत. त्यांचा देव दिव्याच्या ज्योतीत, आणि कपाळावर त्याच ज्योतीच्या काजळाचा टिळा. या टिळ्यांपायी पूर्वी इतकी डोकी फुटली, की शेवटी धूम्राक्ष नावाच्या मांत्रिकानं राजदरबाराच्या दारात एक दगडी डोणी मांडली. तिचं पाणी कधी आटत नसे. आत जाणाऱ्यानं, मग तो राजा असो की गुराखी, डोणीशी वाकायचं, कपाळ धुवायचं आणि मग उंबरठा ओलांडायचा. बाहेर आल्यावर टिळा लावा, हवा तर बोटभर जाड लावा, कोण नको म्हणतोय? पण आत जायचं ते कोऱ्या कपाळानं. टिळ्यासकट कोणी सिंहासनावर बसला तर राज्य बहिरं होईल, असं सांगून मांत्रिक डोंगरात निघून गेला.

या राज्याचा प्रधान यशोधर. दिवेकरी, आणि असातसा नव्हे. सकाळ-संध्याकाळ दीपघरात जाऊन स्वतःच्या हातानं वात वळायचा आणि ज्योतीकडे बघता बघता त्याचे डोळे भरून यायचे. बायको केव्हाच गेली होती. घरात एक मुलगी, कनका, आणि दीपघरात तो दिवा, एवढाच त्याचा संसार होता.

पूर्वी झरेकऱ्यांचा राजा वज्रबाहू गादीवर होता. एकदा सणाच्या दिवशी तो पांढरा टिळा मिरवत दरबाराकडे निघाला. यशोधर दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, आधी कपाळ." शिपायांचे हात तलवारींवर गेले. यशोधरानं आवाज न चढवता तेच पुन्हा म्हटलं. राजाचा चेहरा उतरला, पण तो वाकला आणि त्यानं कपाळ धुतलं. त्या दिवशी दिवेकऱ्यांनी प्रधानाला खांद्यावर घेऊन गल्लीगल्लीतून मिरवलं. आपला माणूस, आपला माणूस, म्हणून बायकांनी त्याला ओवाळलं.

वज्रबाहूला मूलबाळ नव्हतं. तो गेला आणि गादी अरिंजयाकडे आली. अरिंजय दिवेकरी, आणि त्यातून यशोधराचाच शिष्य. मग काय विचारता! ज्यांनी ओवाळलं होतं तीच मंडळी प्रधानाच्या ओसरीवर येऊन बसली. म्हणाली, आता डोणी बाजूला करा, आपला राजा काजळाचा टिळा लावून बसू दे. यशोधर म्हणाला, वज्रबाहूला मी अडवलं होतं. मंडळी म्हणाली, तेव्हा राजा त्यांचा होता, आता आपला आहे. राजा बदलला, डोणी तीच आहे, यशोधर म्हणाला. यावर सगळे चिडून उठले.

ते गेल्यावर कनकेनं विचारलं, "बाबा, आपला देव खरा आहे ना?"

"खरा आहे."

"मग त्याला सिंहासनावर का बसू देत नाही?"

"खरा आहे म्हणूनच," यशोधर म्हणाला. "त्याला टेकायला सिंहासन लागत नाही."

कनकेला ते पटलं नाही. ती पाठ फिरवून आत गेली आणि त्या दिवसापासून तिनं बापाशी बोलणं टाकलं.

राज्याभिषेकाच्या दिवशी यशोधर पुन्हा दारात उभा राहिला. तेच दार, तेच वाक्य. अरिंजय क्षणभर घुटमळला. पण मागून गर्दी रेटत होती, आणि तरुण रक्ताला मागे फिरणं जड जातं. त्यानं गुरूला हातानं बाजूला सारलं आणि टिळ्यासकट सिंहासनावर बसला. डोणीतलं पाणी तळाशी गेलं आणि दिसेनासं झालं.

राज्य बहिरं झालं, पण कसं? झरेकरी बोलला तर दिवेकऱ्याला ऐकू येईना, आणि दिवेकरी बोलला तर झरेकऱ्याला. ओठ हलताना दिसत, बस. यशोधर मात्र शाप पडला तेव्हा नेमका उंबरठ्यावर होता, आतही नाही आणि बाहेरही नाही. त्याला दोघांचंही ऐकू येई. त्याचं मात्र कोणालाच ऐकू येईना. भाजीवालीला ना, शेजाऱ्याला ना, पोटच्या पोरीलाही ना. कनकेला वाटलं, बाबांनी आता अबोला धरला. ती ताट वाढून ठेवी आणि निघून जाई. इतकं एकटेपण वैऱ्यालाही येऊ नये.

मग एके दिवशी डोंगरातला बंधारा फुटला. झरेकरी कड्यावरून जीव तोडून ओरडले, पळा, पाणी येतंय! खाली कोणाला ऐकू जाणार? यशोधरानं ऐकलं. तो धावला, ओरडला, मग हाताला धरधरून माणसं ओढू लागला. कनकेला त्यानं फरफटत चढावर नेलं. जमली तेवढी वाचवली, बाकीची पाण्याबरोबर गेली. दिवेकरी म्हणाले, झरेकऱ्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. झरेकरी म्हणाले, आम्ही घसा फोडला, हे मस्तवाल हलले नाहीत. दोन्हीकडे तलवारींना धार लागू लागली.

यशोधर कोरड्या डोणीशी जाऊन बसला. तिच्यावरच्या कोनाड्यात एक साळुंकी राहत होती. पक्ष्यांना शाप लागत नसतो. ती म्हणाली, "इथं बसून काय होणार? धूम्राक्षाकडे जा. तो तीन गोष्टी मागेल." इतक्या दिवसांनी आपल्याशी कोणी बोललं, या नुसत्या विचारानं त्याला बळ आलं. तो तसाच उठून डोंगराच्या वाटेला लागला.

धूम्राक्ष एका गुहेत कांदे सोलत बसला होता. न बघताच म्हणाला, "तुझा मान दे." यशोधरानं प्रधानकीची पगडी उतरवून पुढे ठेवली. "तुझं घर दे." त्यानं किल्ल्या ठेवल्या.

"आता तुझा देव दे. दिव्याला विसर."

यशोधराच्या डोळ्यांपुढे वाहून गेलेली माणसं आली, कनका आली.

"ते जमणार नाही," तो म्हणाला आणि सारं बुडालं असं समजून परत फिरला.

"थांब," मांत्रिक म्हणाला. "हो म्हणाला असतास तर तुझा काही उपयोग नव्हता. कोरं कपाळ धुऊन पाणी येत नाही. ज्याला टिळा जिवापाड आहे, त्यानं तो धुतला तरच डोणी भरते. जा, धू. पण पुन्हा तो तुझ्या कपाळावर कधीच टिकणार नाही. आणि या पगडी-किल्ल्या घेऊन जा, मला काय करायच्यात?"

यशोधर जाणून होता, बिनटिळ्याच्या माणसाला दीपघराच्या पायरीवरच थांबावं लागतं. तो आयुष्यभर आत बसला होता.

तो डोणीशी आला. टिळा धुवायचा, पण पाणी कुठलं? त्याला रडू कोसळलं. ती आसवं ओंजळीत घेऊन त्यानं कपाळाला चोळली, आणि तेवढं पुरलं. काजळ गालांवरून ओघळून दगडात पडलं आणि डोणी काठोकाठ भरली.

तेवढ्यात अरिंजय युद्धाचा हुकूम द्यायला दरबाराकडे आला. दारात गुरू उभा होता, उघड्या कपाळाचा. त्याचे ओठ हलले. राजाला शब्द ऐकू आला नाही. पण काय म्हटलं ते त्याला कळलं, कारण त्या दारात यशोधर कोणत्याही राजाला दुसरं काही कधी बोललाच नव्हता. अरिंजय वाकला. त्यानं ओंजळ भरली आणि कपाळ धुतलं.

आणि साऱ्या राज्याला ऐकू येऊ लागलं. कड्यावरच्या हाका, नदीकाठची उत्तरं, दोन्हीकडचं रडणं. तलवारी म्यानात गेल्या. बंधारा दोघांनी मिळून बांधला. डोणी आजही भरलेली आहे.

यशोधर रोज संध्याकाळी दीपघराच्या पायरीवर बसतो आणि बाहेरूनच ज्योत बघतो. मंडळी आत-बाहेर करतात, नमस्कार करतात, पण कोणी शेजारी बसत नाही. कनका आतून बोटावर काजळ घेऊन येते आणि त्याच्या कपाळावर टिळा लावते. टिळा तिच्यादेखत विरून जातो.

"राहत नाही गं पोरी," तो म्हणतो.

"ऐकलं बाबा," ती म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावते.