थंडी काय वाजवते?

"मुलं बोलत का नाहीत, फादर?"

"कुणाशी?"

"माझ्याशी."

फादर एलादिओंचे डोळे मिटलेले होते. ते झोपलेत की ऐकताहेत, हे समोरच्याला कधीच कळत नसे.

पाचगणीच्या पठाराखाली, दरीच्या तोंडाशी त्यांची खोली होती. हिवाळ्यात दुपार कलली की दरीतून धुकं वर येई आणि अंगणातली सिल्व्हर ओकची झाडं एकेक करून नाहीशी होत. मग ही खोली कुठल्या गावात आहे, कुठल्या देशात आहे, काही सांगता आलं नसतं.

फादर जन्मले स्पेनच्या उत्तरेला, एका डोंगरी खेड्यात. तरुणपणी बोटीने इकडे आले ते परत गेलेच नाहीत. धनगरांच्या पोरांबरोबर माळावर हिंडून मराठी शिकले आणि तीच मराठी त्यांच्या तोंडी बसली.

समोर बसलेली ऋजुता वर्तक पुण्याची. स्पॅनिश घेऊन विद्यापीठात पहिली आलेली, स्पेनमध्ये सालामांकाला राहून शिकून आलेली. इथल्या एका शाळेत चौथी ते आठवीच्या मुलांना ती स्पॅनिश शिकवी. तिचे उच्चार इतके स्वच्छ होते, की पहिल्या भेटीत तिने फादरांचाच एक शब्द दुरुस्त केला होता.

"आमच्या खेड्यात असंच म्हनत्यात," असं काही फादर म्हणाले नव्हते. "बरं झालं," एवढंच म्हणाले होते.

आज ती पुन्हा आली होती.

"मी सगळं करून पाहिलं. तक्ते लावले. गाणी घेतली. क्रियापदांची रूपं तर त्यांना झोपेतसुद्धा म्हणता येतील. पण एक प्रश्न विचारला, की सगळ्या माना खाली."

"काय इचारतीस?"

"साधंच. तुझं नाव काय, तुला कुठला रंग आवडतो..."

"तुला ठावं न्हाई त्यांची नावं?"

"आहेत की माहीत."

"मग?"

खिडकीबाहेर कुठेतरी बकरीच्या गळ्यातली घंटा वाजली, आणि धुक्यात विरघळून गेली.

"मुख्याध्यापिका म्हणाल्या, पुढल्या वर्षी स्पॅनिशऐवजी दुसरं काही ठेवू. मुलं बोलतच नसतील तर कशाला हवं?" तिचा आवाज जरा चढला. "पण दोष माझा नाही, फादर. मुलंच तशी आहेत. ऐका, एक गंमत सांगते. सहावीत एक मुलगी आहे, कार्तिकी रांजणे. इथल्याच शेतकऱ्याची. मी विचारलं, आज हवा कशी आहे? तर उभी राहिली आणि म्हणाली..."

ऋजुताला आताही हसू आलं.

"म्हणाली, एल फ्रिओ मे तोका!"

फादर हसले नाहीत.

"तिला म्हणायचं होतं, मला थंडी वाजते. आता आपण मराठीत 'वाजते' म्हणतो. स्पॅनिशमध्ये 'तेंगो फ्रिओ' म्हणायचं, म्हणजे माझ्याकडे थंडी आहे. हे मी दहादा घोकून घेतलं होतं. पण तिने काय केलं, पेटी वाजवणं, गिटार वाजवणं यासाठी जे 'तोकार' शिकवलं होतं, तेच उचलून थंडीला लावलं. थंडी मला वाजवते! मी म्हटलं, अगं, थंडी काय पेटीवाली आहे? सगळा वर्ग हसला. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि त्यावर फुली मारली, सगळ्यांच्या लक्षात राहावं म्हणून."

फादरांनी डोळे उघडले.

"मग?"

"मग काय... तेव्हापासून ती बोलत नाही. आणि आता कुणीच नाही."

फादरांच्या डोक्यावर जाड लोकरीची कानटोपी होती. थंडीभर ती कधी निघत नसे. त्यांनी हनुवटीखालची गाठ सोडली, टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. त्यांचे कान मोठे होते, लालसर.

"पुन्हा म्हन."

"काय?"

"ती काय म्हनाली ते."

"एल फ्रिओ मे तोका."

"सावकाश."

"एल... फ्रिओ... मे तोका."

ऋजुता थांबली. वाक्य या वेळी तिच्या कानाला निराळं लागलं. 'तोकार' म्हणजे वाजवणं, तसंच स्पर्श करणंही. हे तिला ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. थंडी मला वाजवते. थंडी मला शिवते.

धुकं उंबऱ्यातून आत आलं होतं आणि फादरांच्या पायांपाशी बसलं होतं.

"आमच्या गावाला बर्फ पडायचा," ते म्हणाले. "उशापाशी ठेवलेलं पानी गोठायचं. तवा असं बोलायला मला कुनी शिकवलं न्हाई."

"पण फादर, ते चूक आहे!"

"व्हय. चूक हाय."

"मग मी काय शिकवायचं?"

"तेंगो फ्रिओ शिकव. बरुबर हाय ते."

"मग तिला मी वेगळं काय सांगायला हवं होतं?"

"सांगाया न्हाई..." फादर खिडकीकडे पाहत होते. खिडकीत पांढरं सोडून काही नव्हतं. "थंडी काय वाजवते, ते इचारलंस का तिला?"

ऋजुता चिडून उठली. परतताना चढावर तिला वाटत राहिलं, म्हातारा भाषा विसरला आहे. मराठी अशी, आणि स्पॅनिशही तशीच. पण पावलं पडत होती त्या तालावर ते वाक्य येतच होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा पहिला तास चौथीचा होता. ती वर्गात शिरली आणि सवयीने तक्त्याकडे वळली. मग थांबली. खिडक्या बंद होत्या. तिने त्या उघडल्या. गार वारा आत शिरला, तशी मुलं बाकावर एकमेकांना चिकटली.

"के तोका एल फ्रिओ?" तिने विचारलं. मग मराठीत म्हणाली, "थंडी काय वाजवते?"

माना खाली गेल्या.

ती वाट पाहत उभी राहिली. याआधी ती कधीच थांबली नव्हती. उत्तर आलं नाही की स्वतःच देऊन टाकायची. ही शांतता तिला फार लांब वाटली... पाण्याखाली बसावं तशी.

मग मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला.

"लोस दिएंतेस?"

दात.

म्हणणाऱ्या मुलीचे दात खरोखरच कुडकुडत होते. ऋजुताला हसू आलं, आणि या वेळी मुलंही हसली, पण ते हसणं कुणावर नव्हतं.

"ला वेंताना!" खिडकी. दुसऱ्याने दाखवलीच, बिजागरी कुरकुरत होती.

"ला पुएर्ता!" दार. त्या मुलाने उठून दारावर टकटक केली. स्पॅनिशमध्ये दार ठोठावण्यालाही 'तोकार'च म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तास संपल्याची घंटा झाली तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मिस, कांपाना! घंटा!" आणि सगळे खिदळत बाहेर पळाले.

सहावीच्या वर्गातही तिने खिडक्या उघडल्या. मुलं आधी दबकली, मग एकेक करून बोलू लागली. कार्तिकी बोलली नाही. ती बाकाच्या कडेला बसली होती, स्वेटरच्या बाह्या तळहातावर ओढून. तिला कशाचाच राग आलेला दिसत नव्हता. ती फक्त तिथे नव्हती.

तास संपल्यावर ऋजुता तिच्या बाकापाशी गेली.

"कार्तिकी, त्या दिवशी मी तुझ्यावर हसले. ते माझं चुकलं."

मुलीने मान हलवली. माफ केल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी.

"तू सांग ना. थंडी काय वाजवते?"

कार्तिकीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. ही पुन्हा फळ्याकडे जाणार का, हे बघत असल्यासारखं.

"इथं नाही सांगता येणार," ती हळूच मराठीत म्हणाली. "सकाळी लवकर यावं लागेल. आमच्या रानात."

दुसऱ्या दिवशी उजाडताना ऋजुता रांजण्यांच्या रानात पोचली. दरी धुक्याने काठोकाठ भरली होती, आणि डोंगरांची टोकं तेवढी वर राहिली होती, बेटांसारखी. उतारावर स्ट्रॉबेरीचे वाफे होते. वाफ्यांवर प्लास्टिकचा काळा कागद अंथरलेला, त्याला भोकं पाडून त्यांतून रोपं वर आलेली.

कार्तिकीची आई फळं तोडत होती. ती गडबडीने उठली.

"या मॅडम. एवढ्या थंडीत कशाला आलात? पोरीनं काही केलं का?"

"नाही, नाही. मीच... वर्गात ती बोलत नाही, म्हणून."

"आमची कार्ती?" आईला नवल वाटलं. "घरी तर तोंड मिटत नव्हतं तिचं. रानात आली की तुमचं ते स्पॅनिश चालू. गाईला बोलायची, रोपांना बोलायची. आम्हाला कळतंय कुठं? पण बरं वाटायचं ऐकाया." तिने पदराने हात पुसले. "मधीच बंद झालं. म्हटलं, का गं, बोल की. तर म्हणाली, आई, ते आपलं नाही, शाळेचं आहे."

ऋजुताला वाटलं, कुणीतरी आपल्या हातातून काहीतरी हलकेच काढून घेतलं आहे, आणि ते काय होतं ते आता कधी कळायचं नाही.

कार्तिकी वाफ्यांच्या कडेला उकिडवी बसली होती. तिने हाताने खुणावलं. ऋजुता तिच्या शेजारी मातीत बसली.

"काय?"

कार्तिकीने ओठांवर बोट ठेवलं.

मग म्हणाली, "एस्कुचा."

ऐक.

दरीतून वाऱ्याची एक झुळूक चढून आली. थंडीने ताठरलेल्या कागदाच्या पोटात ती शिरली, आणि पहिल्या वाफ्यापासून शेवटच्या वाफ्यापर्यंत सगळं रान वाजलं. मोठ्याने नाही. कुणीतरी लांब बसून बोटांची टोकं कशावर तरी फिरवत असावं, तसं. एक वाफा थांबला की दुसरा सुरू होई. कुठे कागद सुटा होता, तिथे आवाज थरथरे. कुठे दव साचलं होतं, तिथे तो जड होऊन खाली बसे. ऋजुताला वाटलं, आवाज रानातून येत नाही, आपल्या दंडांवरून येतो आहे. तिच्या अंगावर काटा होता.

दोघी बसून राहिल्या. ऋजुताला झोप लागली होती की काय, तेही तिला नीट आठवेना. डोंगरामागून ऊन आलं, कागद सैलावला, आणि आवाज थांबला.

"ऊन आलं की बंद होतं," कार्तिकी म्हणाली. मग उठून आईला हात द्यायला गेली.

शनिवारी ऋजुता फादरांकडे गेली.

फादर तसेच बसले होते, डोळे मिटून. डोक्यावर काही नव्हतं. कान गारठून लालभडक झाले होते.

"ती बोलली, फादर."

"काय बोलली?"

"एस्कुचा."

फादरांच्या भुवया किंचित वर गेल्या.

"खरं म्हणजे शिक्षकांना 'एस्कुचे' म्हणायला हवं," ऋजुता म्हणाली. "ऐका. ती 'ऐक' म्हणाली. मैत्रिणीला म्हणावं तसं."

"दुरुस्त केलंस?"

"नाही."

"का न्हाई?"

"...ऐकत होते."

फादरांनी मान डोलावली.

"वर्गात ती अजूनही फारशी बोलत नाही," थोड्या वेळाने ती म्हणाली. "काल एकदा बोलली. तेंगो फ्रिओ म्हणाली. अगदी बरोबर. मला आनंद व्हायला हवा होता."

"झाला न्हाई?"

"झाला... पण वाईटही वाटलं. पुढच्या वर्षी स्पॅनिश राहील की नाही, मुख्याध्यापिकांनी अजून सांगितलेलं नाही. चौथीची मुलं मात्र मधल्या सुट्टीतही बडबडतात. निम्मं चुकतं." ती जरा हसली. "मी तुम्हाला विचारायला आले होते. रानात मी काय ऐकलं, ते मला कुणाला सांगता येत नाही. मराठीत सांगून पाहिलं. स्पॅनिशमध्ये पाहिलं. दोन्हींत खोटं वाटतं. हे मला मुलांना कसं शिकवता येईल?"



बाहेर अंधुक होत चाललं होतं. झाडं गेली, कुंपण गेलं, अंगण गेलं. उघड्या दारातून वारा आला आणि कोपऱ्यातल्या खुंटीवरचा कंदील हलकेच किणकिणला. फादरांनी तिकडे कान वळवला. तिला एकदम जाणवलं, की हा माणूस फार म्हातारा आहे.

ती उठली.

"गारठला आहात तुम्ही. दार लावू का, फादर?"

फादरांनी हात वर केला.

"थांब जरा... थंडीचं वाजवनं अजून सरलं न्हाई."