माळावरचा रिकामा पाट

एकदा काय झालं, तीन राज्यं होती आणि तिन्हींच्या मधोमध एक उजाड माळ होता. माळ कुणाचाच नव्हता. त्यावर एक दगडी पाट होता आणि पाटावर कुणी बसलेलं दिसायचं नाही. तरी तिन्ही राज्यांचे धनी तिथे येऊन गुडघे टेकायचे. का? तर टेकायचे. आजा टेकायचा, बाप टेकायचा, म्हणून हेही टेकायचे.

आणि या तिघांची एक रीत होती, बरं का. पेरणीला प्रत्येकाने आपलं मूल शेजाऱ्याच्या घरी धाडायचं आणि सुगीला परत घ्यायचं. मूल परत करताना यजमानाने हत्यार घरी ठेवायचं, अनवाणी चालायचं, पोराचं बोट धरून आईबापाच्या हाती द्यायचं आणि म्हणायचं, "तुमचं तुम्हाला." शेजाऱ्याचं पोर आपल्या घरात झोपलेलं असताना कोण कशाला तलवार उपसेल? ही रीत कुणी लिहिली नव्हती, आणि मोडली तर शिक्षा द्यायला वर कुणी नव्हता. राजांच्या वर कोण असणार?

त्यातल्या एका राज्याची राणी होती बकुळा. राजा देवाघरी गेलेला, पदरात एकुलता एक इंद्रू. बकुळा शिकलेली होती. राजाने कसं वागावं याच्या पोथ्या तिने वाचल्या होत्या. आईने कसं वागावं हे मात्र एकाही पोथीत सापडलं नव्हतं, म्हणून ती प्रत्येक गोष्ट करून झाल्यावर घाबरायची. कधी कधी आधीच घाबरून घ्यायची.

त्या वर्षी इंद्रू गेला वज्रसेन राजाकडे. वज्रसेनाची जाई गेली दुंदुभी राजाकडे. आणि दुंदुभीचा मल्हू आला बकुळेकडे.

मग सुगी आली. आणि दुंदुभीने काय केलं? जाईला बुरुजात कोंडलं. वज्रसेनाला निरोप धाडला, "नदीकाठची गावं दे, मग पोरगी ने."

त्या दिवसापासून दुंदुभीच्या नगरात काहीतरी बिघडलं. एका बाईने शेतातल्या नवऱ्याला हाक मारली. ओ आली ती घरातल्या जात्यामागून. जाऊन बघते तर कुणी नाही. मग वेशीवरच्या शिपायाने जोडीदाराला हाक मारली. ओ आली ती कोरड्या विहिरीतून. मग खुद्द राजाने दरबारात विचारलं, "कोण आहे रे तिकडे?" आणि त्याच्याच सिंहासनाखालून हळूच कुणीतरी म्हणालं, "आम्ही." लोक एकमेकांना हाका मारायचे थांबले. घरोघरी दिवसाउजेडी कड्या लागल्या.

इकडे सेनापती बकुळेला म्हणाला, "राणीसाहेब, मल्हूला कोंडा. सुरुवात त्याच्या बापाने केली. आपल्याला कसली लाज?"

"आणि वज्रसेनाने हेच म्हटलं तर? माझा इंद्रू त्याच्या घरात आहे, सेनापती."

"म्हणून तर म्हणतो. हातात काहीतरी असू दे."

बकुळेला ते पटलं. तिने कुलूप मागवलं आणि मल्हूच्या दाराशी गेली. मल्हू आत पाट्यावर चिंचोके फोडत बसला होता. "मावशी, घरी कधी जायचं?" त्याने विचारलं. तिच्या हातातलं कुलूप एकदम जड झालं. ते तसंच घेऊन ती माळावर गेली.

भर दुपार होती. वारा नव्हता. तिने पाटाला विचारलं, "सांग, मी काय करू?" कुणी बोललं नाही. तिने पुन्हा विचारलं. मग धीर करून तिने पाटावरून हात फिरवला. थंडगार. त्या उन्हात थंडगार! तिथे कुणी नव्हतं. कधीच नव्हतं. मग तिची नजर खाली गेली. पाटासमोरचा खडक झिजला होता. गुडघ्यांनी. इतक्या जणांनी इथे टेकलं होतं, की खडकात वाटीएवढे खळगे पडले होते.

पाटावर कुणी नसतानाही एवढ्या जणांनी रीत सांभाळली होती, हे बकुळेला उमगलं. मग कुलूप तिथेच टाकून घरी आली. पायातल्या वहाणा काढल्या आणि मल्हूचं बोट धरलं.

सेनापती ओरडला, "राणीसाहेब, हे वेडेपण आहे!"

"असेल," ती म्हणाली. "तुम्ही तलवार आणू नका म्हणजे झालं."

चालत चालत दोघं दुंदुभीच्या वेशीशी आली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तटावर मात्र धनुष्यं ताणलेली. वरून दुंदुभी ओरडला, "कोण ते?"

"मी, बाबा," मल्हू म्हणाला.

"मी, बाबा," तटाच्या भिंतीतून आवाज आला.

"मी, बाबा," विहिरीतून आवाज आला.

तिन्ही आवाज अगदी मल्हूचे. दुंदुभी मागे सरला. "दार उघडू नका! हा डाव आहे. बकुळे, मी तुझ्या जागी असतो तर पोर परत दिलं असतं का?"

"नसतं दिलं, राजे. म्हणून तर तुम्हाला तुमचंच पोर ओळखू येईना."

मल्हू रडकुंडीला आला. "मावशी, बाबा मला आत का घेत नाहीत?" बकुळेने त्याचे डोळे पुसले, त्याला दाराशी उभं केलं, बोट सोडलं आणि म्हणाली, "तुमचं तुम्हाला." मग पाठ फिरवून ती उभी राहिली. पाठीवर बाण येईल असं तिला वाटत होतं. पण ती पळाली नाही.

आणि मग कडी वाजली. मल्हूची आई खाली आली होती. पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. मग त्याला बकुळेचे रक्ताळलेले अनवाणी पाय दिसले, आणि त्याने भाला बाजूला घेतला. आईने पोराला उचलून छातीशी धरलं. भिंतीतला आवाज थांबला. विहिरीतलाही थांबला. मग ती तशीच बुरुजाकडे गेली, जाईला घेऊन आली आणि तिचा हात बकुळेच्या हातात दिला.

"धरा त्यांना!" दुंदुभी ओरडला. शिपाई हलले नाहीत. पुन्हा ओरडला. आता कुठूनच ओ आली नाही. नगरात एवढी शांतता पसरली, की दुंदुभी तटावरून स्वतःच खाली उतरला आणि मान खाली घालून दार धरून उभा राहिला.

बकुळा जाईला घेऊन माळावर आली. तिथे वज्रसेन फौज घेऊन उभा होता. शेजारी इंद्रू होता आणि त्याच्या हाताला दोरी होती. रेशमाची, पण दोरीच. वज्रसेनाने जाईला पाहिलं, अनवाणी बकुळेला पाहिलं. त्याने गाठ सोडली.

"ताई, तुमच्याकडून मल्हू मिळवायला मी आज याला..." त्याने दोरी दूर फेकली.

"काल माझ्याही हातात कुलूप होतं, दादा," बकुळा म्हणाली.

वज्रसेनाने वहाणा काढल्या, इंद्रूचं बोट तिच्या हाती दिलं आणि ते तीन शब्दांचं वाक्य कसंबसं पुरं केलं... अरे हो, दोनच शब्द ते, पण त्याला फार जड गेले.

पुढच्या पेरणीला काय झालं? मुलं पुन्हा गेली. दुंदुभीनेही मल्हूला धाडलं आणि फाटकाशी रडला. निघताना इंद्रूने विचारलं, "आई, त्या पाटावर कोण बसतं गं?"

बकुळेने पोथ्या आठवून बघितल्या. मग खरं तेच सांगितलं. "कुणी नाही, बाळा. म्हणूनच आपण सगळ्यांनी जपून वागायचं."

आणि तिने त्याचं बोट सोडलं.

तिन्ही राज्यांत धान्य पिकलं, मुलं मोठी झाली, सगळी सुखात राहिली. गोष्ट सरली. पाय पांघरुणात घ्या बघू. दिवा मी नेते. झोपा आता.