उतरलेली तार

डॉक्टर सरपोतदार बोलायला लागले की दुसऱ्यानं गप्प बसायचं. शिकलेला माणूस, त्याला अडवणार कोण!

"शास्त्रीय संगीत ऐकलं की मेंदू तल्लख होतो, शिदोबा. मलाच बघा, लहानपणापासून ऐकतोय! अंबूबाईंना माझ्या उपचार केंद्रात ठेवा. दिवसभर राग ऐकवू. घरच्यांनी मात्र भेटायला यायचं नाही."

अंबूबाई म्हणजे शिदोबांची बायको. एके काळी मैफिली गाजवलेली बाई, आता नवऱ्यालाही ओळखत नव्हती. मुलानं डॉक्टरांना परस्पर होकार देऊन टाकला होता.

शिदोबांनी तंबोरा घेतला, मुद्दाम एक तार उतरवली आणि छेडू लागले.

"वा! काय सूर लागलाय!" डॉक्टर डोळे मिटून डोलले.

अंबूबाई मात्र कळवळल्या. "अहो, तार उतरलीय! कानाला टोचतंय."

शिदोबा म्हणाले, "डॉक्टर, जन्मभर ऐकून तुमचा मेंदू एवढाच तल्लख झाला असेल, तर हिचा आहे तोच राहू द्या."

डॉक्टर उठून चालते झाले. पुन्हा त्यांनी केंद्राचं नाव काढलं नाही.

शिदोबांनी तार चढवली. अंबूबाई हसल्या.

"छान जुळवता हो तुम्ही. आमचे हेसुद्धा असंच जुळवायचे. कुठे गेलेत कोण जाणे. भेटले तर सांगा, मी वाट बघतेय."

"सांगतो," शिदोबा म्हणाले.